कोलॅजनचे बंध : ऊतींच्या सांगाड्यांवरील रासायनिक प्रक्रियेची पार्श्वभूमी

१९६५ साली पॅरिसमध्ये झां-पॉल बिने आणि अलॅं कार्पांतिए यांनी डुकराच्या हृदयातील झडप माणसाच्या हृदयात बसवली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु काही काळाने अशा झडपा निकामी होऊ लागल्या, कारण शरीर त्यांना परके समजून दाह निर्माण करी आणि झडपेतील कोलॅजन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, झिजत जाई. अडचण शस्त्रक्रियेची नसून रसायनशास्त्राची आहे, हे कार्पांतिए यांनी ओळखले आणि शल्यचिकित्सक असूनही त्या विषयाचा रीतसर अभ्यास केला. या इतिहासातील हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

१९६८ मध्ये त्यांनी ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने प्रक्रिया केलेली झडप वापरली. या रेणूच्या दोन्ही टोकांना आल्डिहाइड गट असतात; ते कोलॅजनमधील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटांना पकडतात आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. चामडे कमावतानाही हे रसायन वापरतात. मात्र ऊतीत शिल्लक राहिलेले आल्डिहाइड पेशींना विषारी ठरते आणि झडपेत कॅल्शियम साचायला हातभार लावते. तरुण रुग्णांमध्ये हे अधिक लवकर घडते.

झडपेला नव्या पेशींवाचून चालत होते, पण ज्या सांगाड्यात, म्हणजे आधार देणाऱ्या सच्छिद्र चौकटीत, शरीराने स्वतःची ऊती वाढवायची आहे, त्याला ते चालणार नव्हते. आयोआनिस यानास आणि जॉन बर्क यांनी गाईचे कोलॅजन व शार्कच्या कूर्चेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट (एक शर्करायुक्त पदार्थ) यांपासून सच्छिद्र थर बनवला, त्यावर सिलिकोनचे आवरण घातले आणि १९८१ मध्ये भाजलेल्या १० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनीही ग्लुटाराल्डिहाइडच वापरले, पण बेताने : नवी त्वचा तयार होईपर्यंत थर टिकावा आणि मग विरघळून जावा, इतकेच बंध त्यांना हवे होते. यातून आलेल्या ‘इंटिग्रा’ या कृत्रिम त्वचेला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

पुढे बंध घालण्यासाठी कार्बोडायइमाइड हे रसायन वापरात आले, जे कार्बॉक्सिल व अमाइन गटांना थेट जोडते, स्वतः बंधात राहत नाही आणि ज्याचे उपउत्पादन पाण्याने धुऊन काढता येते. गार्डेनिया या झुडपाच्या फळापासून मिळणारे, असेच बंध घालणारे जेनिपिनही त्याच्या कमी विषारीपणामुळे अभ्यासले गेले.

बंध घालण्याबरोबरच पेशींना ओळखीची खूण देण्याचा विचारही रुजला. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या ३ अमिनो आम्लांच्या क्रमाला पेशी चिकटतात, हे १९८४ मध्ये पियर्शबाखर व रुओस्लाती यांनी दाखवले. समुद्री शेवाळातील अल्जिनेटला पेशी एरवी चिकटत नाहीत. १९९९ मध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने हा क्रम असलेले पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) त्याला जोडले आणि स्नायुपेशी त्यावर पसरून वाढू लागल्या.