लहान विमान आणि अथांग पाणी : सागरपार उड्डाणाच्या आखणीमागचा इतिहास

एका इंजिनाच्या, चार आसनांच्या विमानातून महासागर ओलांडायचा असेल, तर बरेचसे काम जमिनीवरच उरकावे लागते. इंधनाचा तक्ता, वाऱ्यांचा अंदाज, वाटेवरच्या मध्यबिंदूचे गणित, देशोदेशींच्या परवानग्या, फुगवता येणारा तराफा, गार पाण्यात जीव वाचवणारा सूट, उपग्रहाला संकेत पाठवणारा बीकन. ही यादी कुणी एका बैठकीत तयार केलेली नाही. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक नोंद कुणाच्या तरी मृत्यूनंतर किंवा थोडक्यात वाचण्यानंतर आली आहे. जीपीएस आल्यापासून हे सगळे सोपे झाले असे अनेकांना वाटते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. ‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. इंधन, वारा आणि इंजिन यांचे प्रश्न मात्र शंभर वर्षांपूर्वी होते तसेच आहेत.

जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन या दोघा ब्रिटिशांनी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडहून आयर्लंड गाठले. त्यांचे ‘व्हिकर्स व्हिमी’ हे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान होते. एकट्या माणसाने, एकाच इंजिनावर, न थांबता अटलांटिक पार करण्याची आखणी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा केली ती चार्ल्स लिंडबर्गने. मे १९२७ मधल्या त्याच्या न्यूयॉर्क ते पॅरिस उड्डाणाचे साहस सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याची तयारी अधिक शिकवून जाते. त्याने सुमारे १,७०० लिटर पेट्रोल भरले. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या एकूण वजनातले निम्म्याहून जास्त वजन इंधनाचेच होते. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, दुसरा वैमानिक नाही. जे वजन वाचले त्याचे त्याने इंधन केले. दोन इंजिने का नकोत, यामागचा त्याचा विचार आजही पटतो : इतक्या वजनाचे विमान एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर तरंगून राहणार नसेल, तर दुसऱ्या इंजिनाने बिघाडाची शक्यता तेवढी वाढते. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग त्याने शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत आखला आणि प्रत्येक तुकड्यासाठी होकायंत्राची दिशा आधीच लिहून ठेवली. पॅरिसला उतरला तेव्हा साडेतेहतीस तास झाले होते आणि टाक्यांमध्ये इंधन शिल्लक होते.

त्याच उन्हाळ्यात उलटे उदाहरणही घडले. अननसाच्या व्यापारातले जेम्स डोल यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून हवाई बेटांपर्यंतच्या शर्यतीसाठी पहिल्या क्रमांकाला २५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि मध्ये जमिनीचा एक तुकडाही नाही. युरोपकडे निघालेल्याची दिशा थोडी चुकली तरी समोर एक अख्खे खंड उभे असते. हवाईकडे निघालेल्याची दिशा चुकली, तर पुढे नुसता पॅसिफिक. शर्यतीपूर्वीच अपघातांत तिघे गेले. १६ ऑगस्ट १९२७ रोजी शर्यत सुरू झाली, पण हवाईला पोहोचली फक्त दोन विमाने. आणखी दोन विमाने समुद्रात कायमची नाहीशी झाली आणि त्यांना शोधायला निघालेले एक विमानही परतले नाही. एकूण दहा माणसे गेली. जिंकलेल्या ‘वूलारॉक’ विमानात वैमानिकाबरोबर एक प्रशिक्षित नॅव्हिगेटर, म्हणजे स्थान आणि दिशा काढणारा जोडीदार, होता, आणि रेडिओही होता. हा योगायोग नव्हता.

पण नॅव्हिगेटरला बसायला जागाच नसेल तर? १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाला तो पाण्यावर उतरता यावे म्हणून तरंडे लावलेल्या ‘जिप्सी मॉथ’ या छोट्या विमानातून. टास्मन समुद्र एका दमात पार करण्याइतके इंधन त्यात मावत नव्हते, म्हणून त्याने वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही बेटे धरली. नॉरफोकची लांबी जेमतेम आठ किलोमीटर. उघड्या कॉकपिटमध्ये गुडघ्यांनी विमान सांभाळत तो सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजायचा आणि मांडीवरच्या कागदावर आकडेमोड करायचा. इतक्या ओढाताणीत काढलेले स्थान अचूक येणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने बेटाकडे सरळ नेम धरलाच नाही. तो मुद्दाम एका बाजूला सरकून उडत राहिला आणि सूर्याच्या मोजणीवरून बेट बरोबर काटकोनात आले असे दिसताच वळला. सरळ जाऊन बेट दिसले नसते, तर डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे कळायला मार्ग नव्हता. मुद्दाम केलेल्या चुकीमुळे निदान वळायची बाजू पक्की झाली. आपल्या अज्ञानाचे माप आखणीतच धरून ठेवण्याची ही रीत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. लॉर्ड हाउला वादळाने त्याचे विमान उलथवले. ते बेटावरच्या लोकांच्या मदतीने पुन्हा उभे करून तो ऑस्ट्रेलियाला पोहोचला.

आज लहान विमाने अटलांटिकवर ज्या वाटेने जातात, ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाची देणगी आहे. अमेरिकेत तयार झालेली लढाऊ विमाने ब्रिटनला पोहोचवायची होती आणि जहाजांवर पाणबुड्यांचे हल्ले होत होते. मग कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये गूस बे, ग्रीनलंडच्या दक्षिणेला नार्सार्सुआक, आइसलंडमध्ये रेक्याविक आणि केफ्लाविक, अशा धावपट्ट्या तयार झाल्या. गूस बे ते ग्रीनलंड, तिथून आइसलंड, तिथून स्कॉटलंड, असे तेराशे किलोमीटरच्या आसपासचे टप्पे पडतात. नार्सार्सुआकची धावपट्टी एका लांब फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, आतल्या टोकाला आहे. ढग खाली उतरलेले असताना शेजारच्या फ्योर्डमध्ये शिरलेल्या वैमानिकाला पुढे डोंगर आणि बर्फच भेटायचे. विमान वळवण्यापुरती रुंदीही नसायची. म्हणून या टप्प्याच्या आखणीत हवामान बिघडले तर कुठून मागे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

परवानग्यांची घडीही त्याच काळातली. डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावरचे सार्वभौमत्व मान्य झाले आणि पाचव्या कलमात खासगी, अनियमित उड्डाणांना पूर्वपरवानगीशिवाय येण्याची मुभा मिळाली. प्रत्यक्षात अनेक देश आजही आधी परवानगी मागतात. कितीतरी वैमानिकांना समुद्रापेक्षा ही कागदपत्रेच अधिक छळतात.

युद्धानंतर सेस्ना, पायपर आणि बीचक्राफ्ट या अमेरिकन कंपन्यांची लहान विमाने जगभर विकली जाऊ लागली आणि ती ग्राहकापर्यंत उडवत नेणारे फेरी पायलट हा एक व्यवसायच झाला. मागची आसने काढून तिथे जादा टाकी बसवायची, ठरलेल्या कमाल वजनापेक्षा जास्त भाराने उडण्याची खास परवानगी काढायची आणि निघायचे. मॅक्स कॉनराडने १९५९ मध्ये एका इंजिनाच्या पायपर कोमान्चीतून कासाब्लांका ते लॉस एंजेलिस हे अंतर न थांबता कापले. त्याला अठ्ठावन्न तासांहून जास्त वेळ लागला. १९६४ मध्ये जेरी मॉक सेस्ना १८० मधून एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. तिला एकोणतीस दिवस लागले.

मध्यबिंदूचे गणित याच फेरी पायलटांच्या हाडीमाशी भिनलेले असते. समजा अंतर ३,९०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी २८० आणि समोरून ३० चा वारा. जाताना वेग २५० पडतो, परतताना ३१०. तेव्हा पुढे जाणे आणि मागे फिरणे यांना सारखाच वेळ लागेल असा बिंदू अंतराच्या निम्म्यावर नसतो. तो सुमारे २,१६० किलोमीटरवर असतो, म्हणजे २०० किलोमीटरहून अधिक पुढे सरकलेला. इंजिन कुरकुरले तर कुठल्या बाजूला नाक वळवायचे, हे तो बिंदू सांगतो. इंधन पुरेल का, हे सांगणारा शेवटचा परतीचा बिंदू वेगळा काढावा लागतो. दोन्हींची गल्लत फार महागात पडते.

स्थानाचा प्रश्न सुटण्याआधी किती अवघड होता, हे डिसेंबर १९७८ मध्ये पॅसिफिकवर दिसले. पिकांवर फवारणी करणारे एक लहान सेस्ना अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून नॉरफोककडे नेले जात होते. रेडिओ बीकनची दिशा दाखवणारे त्याचे यंत्र बिघडले आणि बेट दिसायला हवे त्या वेळी खाली नुसते पाणी होते. जवळपास असलेल्या एअर न्यूझीलंडच्या डीसी-१० चे कॅप्टन गॉर्डन व्हेट यांनी शोध हाती घेतला. त्यांनी सेस्नाच्या वैमानिकाला नाक सूर्याकडे करून होकायंत्र वाचायला सांगितले, मग हात लांब करून सूर्य क्षितिजापासून किती बोटे वर आहे ते विचारले. तेच मोजमाप स्वतःच्या विमानातून घेऊन तुलना केली. पुढे सूर्यास्ताच्या वेळेचा उपयोग झाला. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे नॉरफोकचा सूर्यास्त आणि सेस्नाचा सूर्यास्त यांतल्या फरकावरून रेखांश निघाला. शेवटी ओढून नेल्या जाणाऱ्या एका तेलविहिरीच्या फलाटाचे दिवे वैमानिकाला दिसले, फलाटाची जागा माहीत होती, आणि सुमारे तेवीस तास हवेत राहून विमान नॉरफोकला उतरले. चिचेस्टरने वापरला तो सूर्यच सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा कामी आला.

त्यानंतर बदल वेगाने झाले. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेल्यावर जीपीएस नागरी वापराला खुले करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. मे २००० मध्ये त्याच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूकही काढली गेली. १९८२ मध्ये कोस्पास-सारसॅट या संकटातले संकेत टिपणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पहिला उपग्रह वर गेला आणि काही आठवड्यांतच त्याने कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानाचा ठावठिकाणा दाखवला. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या बीकनवर उपग्रहांनी कान ठेवणे फेब्रुवारी २००९ मध्ये बंद झाले, म्हणून आता ४०६ मेगाहर्ट्झचा, विमानाची ओळख पटवणारा बीकन लागतो. ग्रीनलंडजवळच्या पाण्यात साध्या कपड्यांतला माणूस फार वेळ तग धरत नाही. कॅनडाहून एका इंजिनावर अटलांटिकला निघणाऱ्याकडे बाहेर न पाहता केवळ उपकरणे वाचून उडण्याचे प्रमाणपत्र हवे आणि विमानात प्रत्येकासाठी गारठ्यापासून वाचवणारे साधन, म्हणजे सहसा गार पाण्यात जीव वाचवणारा सूट, हवे असा तिथला नियम आहे. हा सूट अंगावर चढवूनच बसावे. पाण्यावर विमान टेकवायच्या तयारीत असताना अरुंद कॉकपिटमध्ये तो घालणे जवळजवळ अशक्य असते.

जानेवारी २०१५ मध्ये हवाईकडे निघालेल्या एका सिरस एसआर२२ विमानात जादा टाकीतले पेट्रोल मुख्य टाक्यांमध्ये येईना. वैमानिकाला आपण कुठे आहोत हे नेमके माहीत होते, इंधनही विमानातच होते, पण ते इंजिनापर्यंत पोहोचत नव्हते. तटरक्षक दलाचे विमान वर घिरट्या घालत असताना त्याने अख्ख्या विमानाला खाली उतरवणारे, विमानालाच जोडलेले पॅराशूट उघडले, पाण्यावर उतरून तराफ्यात शिरला आणि वाट वाकडी करून आलेल्या एका प्रवासी जहाजाने त्याला उचलून घेतले. त्यामुळे जादा टाकी लावलेल्या उड्डाणाच्या तक्त्यात एक ओळ हवीच : प्रत्येक टाकीतून इंधन खरोखर येते की नाही, हे परतीचा बिंदू मागे पडण्यापूर्वी, किनाऱ्यावर परत जाता येईल इतके इंधन मुख्य टाक्यांत असतानाच, तपासून घ्यायचे.