कपाटावरची ट्यूब

आमच्या ऑफिसात फायलींच्या कपाटाच्या बरोबर वर ट्यूबांची एक जोडी कित्येक वर्षं जळत होती. पूर्वी तिथे टेबल होतं. टेबल हललं, कपाट आलं, ट्यूब मात्र जागच्या जागी. तिचा उजेड कपाटाच्या डोक्यावरच्या धुळीला मिळायचा.

हिशेब करून पाहा. ३६ वॉटची ट्यूब आणि तिचा जुना तांब्याचा चोक मिळून साधारण ४५ वॉट, म्हणजे जोडीचे ९०. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, झाले २७० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी २,७०० रुपये धुळीच्या नावावर. वर ही सगळी वीज शेवटी खोली तापवते. ती उष्णता बाहेर काढायला एसी त्याच्या जवळपास एक तृतीयांश वीज आणखी खातो.

ट्यूब काढायची म्हटलं की "अंधार होईल" हे ठरलेलं. पण आपला डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. उजेड निम्मा केला तरी डोळ्याला तो पाऊणपेक्षा थोडा जास्तच वाटतो. म्हणून छताकडे बघून ठरवू नये, लक्समीटर, म्हणजे उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र, टेबलावर ठेवावा. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स हवेत, पॅसेजला १०० पुरतात. खिडकीशेजारी दुपारी हजार लक्स सहज मिळतात, तरी तिथली ओळ चालू असते, कारण सगळ्या हॉलला बटण एकच! तेवढी ओळ वेगळ्या बटणावर घेणं हे वायरमनचं एका दिवसाचं काम.

आधी काढायची ती मेलेली ट्यूब. स्टार्टर चिकटला की दोन्ही टोकं नुसती लाल दिसतात, उजेड नाही, पण चोकमधून नेहमीपेक्षा जास्त करंट वाहतो. हात लावला तर चटका बसेल इतका चोक तापतो. साध्या चोकच्या पट्टीतून ट्यूब काढली की सर्किटच तुटतं आणि चोकही थांबतो. काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

एलईडी लावताना बहुतेक जण एकास एक बदलतात. जुनी ट्यूब चहूकडे उजेड फेकायची, एलईडी ट्यूब मुख्यतः खालीच टाकते. त्यामुळे चारांच्या जागी अनेकदा तीन पुरतात. मोजून बघायचं, एवढंच.

वर्कशॉपात मात्र बेताने. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणून साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. फिरण्याचा वेग नेमका जुळला तर गरगरणारा लेथ थांबल्यासारखा दिसतो. हे टाळायला शेजारशेजारच्या ट्यूबा मुद्दाम वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वेगवेगळ्या तारांवर, जोडलेल्या असतात. एकीचा उजेड उतरतो तेव्हा दुसरीचा चढता असतो. अशा जोडीतली एक काढली, तर उरलेल्या उजेडात लेथ पुन्हा थांबलेला दिसू शकतो. तिथे शिडी लावण्याआधी कुठली ट्यूब कुठल्या फेजवर आहे, ते वायरमनकडून लिहून घ्यायचं.