दंतोत्पाटनोत्तर दुखरेपणा व दंतहर्ष (मुलांमधील)

दात काढल्यानंतर मुलाच्या हिरडीत वा जबड्यात काही दिवस राहणारा ठणका, तसेच उरलेल्या दातांना गार-गरम न सोसणे. ठणका काढलेल्या दाताच्या खाचेतला असतो. शिवशिव बहुधा शेजारच्या दाताची. लहान मूल दोन्हींना ‘दुखतंय’ एवढेच म्हणते, म्हणून ती वेगळी तपासावीत.

दंतहर्ष ही संज्ञा जुनी आहे. शीत, उष्ण व स्पर्श न सोसणाऱ्या दातांच्या व्याधीला सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हे नाव असून कारण वात दिले आहे. संहितेचा काळ विवाद्य आहे. उपलब्ध पाठ एकाच काळचा नसावा, असे सामान्यतः मानतात. दात का शिवशिवतात, याविषयी आधुनिक मते तीन आहेत. तंत्रिका (मज्जातंतू) दंतिनाच्या, म्हणजे दाताच्या कठीण कवचाखालच्या थराच्या, पृष्ठभागापर्यंत पोचतात, हे पहिले. परंतु त्या दंतिनाच्या आतल्या थरापलीकडे सहसा आढळत नाहीत. दंतिनजनक (दंतिन तयार करणाऱ्या) पेशीच संवेदना ग्रहण करतात, हे दुसरे. तिसऱ्या, द्रवगतिकीय मतानुसार दंतिनाच्या सूक्ष्म नलिकांतील द्रव गारव्याने वा हवेने हलतो आणि तंत्रिका चेतवतो. आल्फ्रेड गीझी यांनी १९०० च्या सुमारास मांडलेल्या या कल्पनेला स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांचा आधार दिला. नुसत्या फुंकरीनेही कळ का येते, हे याच मताने नीट उलगडते.

दुधाच्या दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात. एक काढली की दुसरीच्या बाजूची, आजवर झाकलेली कीड उघडी पडते व तिथे पाणी लागते. हिरडी सरकून मूळ उघडे पडल्यासही तसेच होते.

खाचेत रक्ताची गुठळी धरते. ठणका सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतो. वजनानुसार पॅरासिटामॉल देतात. रे संलक्षणाच्या (मेंदू व यकृताला इजा करणाऱ्या विरळ आजाराच्या) धोक्यामुळे १६ वर्षांखालील मुलांना वेदनाशामक म्हणून ॲस्पिरिन देऊ नये. दात काढताना दिलेल्या भुलीचा बधिरपणा दोन-तीन तास टिकतो. तेवढ्यात मूल ओठ वा गाल चावते आणि दुसऱ्या दिवशी दिसणारा पांढरट व्रण पालकांना पू वाटतो. त्या वेळेत मुलाजवळ कोणी तरी बसलेच पाहिजे. ‘कोरडी खाच’, म्हणजे गुठळी निघून जाऊन खाच उघडी पडणे (ही संज्ञा १८९६ पासूनची), दुधाच्या दातांत विरळा. तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी वेदना, सूज किंवा ताप असल्यास दंतवैद्याकडे जावे. लवंगेचे तेल निव्वळ लावल्यास हिरडी भाजते.