बिंबाणू-उद्दीपनाची अनुस्फुरक प्रतिपिंड तपासणी

रक्तातील बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणारे प्लेटलेट, उद्दीपित (रक्त गोठवण्यासाठी सक्रिय) झाले आहेत की नाहीत हे त्यांच्या पृष्ठभागावर प्रकट होणाऱ्या प्रथिनांना अनुस्फुरक (प्रकाश पडताच वेगळ्या रंगात उजळणाऱ्या) रंजकाने अंकित केलेली प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी, चिकटवून फ्लो सायटोमीटर या यंत्राद्वारे ठरवण्याची ही पद्धत आहे. नमुना बारीक धारेतून जात असताना प्रत्येक बिंबाणू लेसर किरणासमोरून स्वतंत्रपणे जातो. ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने फ्लुरोसीन रंजक हिरवा उजळतो आणि त्या उजेडाच्या तीव्रतेवरून किती प्रतिपिंडे चिकटली याचा अंदाज येतो. बिंबाणू जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर व्यासाचे असल्याने केवळ आकारावरून ते ओळखणे पुरेसे ठरत नाही. त्यासाठी सीडी४१, सीडी६१ किंवा सीडी४२बी या बिंबाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्धचे वेगळ्या रंगाचे प्रतिपिंड सोबत वापरतात.

उद्दीपनाच्या खुणा मुख्यतः दोन आहेत. पी-सिलेक्टिन, अर्थात सीडी६२पी, हे प्रथिन शांत बिंबाणूत अल्फा कणिकांच्या, म्हणजे आतल्या साठ्याच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, आवरणात दडलेले असते. कणिका बाह्यपटलाशी एकरूप होऊन आतला साठा बाहेर टाकतात, तेव्हाच ते पृष्ठभागावर येते. दुसरी खूण फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला पकडणाऱ्या ग्राहीची (रिसेप्टरची), म्हणजे ग्लायकोप्रथिन दोन-बी/तीन-ए याची. हा ग्राही पृष्ठभागावर आधीपासूनच असतो, पण उद्दीपनानंतर त्याची घडण बदलते आणि पीएसी-१ हे प्रतिपिंड फक्त या बदललेल्या रूपालाच चिकटते.

या तपासणीचा खरा कस यंत्रापाशी नव्हे, तर रक्त काढताना लागतो. शिर शोधताना सुई वारंवार टोचली, घट्ट पट्टा फार वेळ राहिला किंवा नळी जोरात हलवली, तर बिंबाणू तिथेच चेततात आणि रुग्णाच्या शरीरात नसलेले उद्दीपन अहवालात उतरते. म्हणून पहिले काही मिलिलिटर रक्त बाजूला टाकून पुढचे सिट्रेट हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेल्या नळीत घेतात. ईडीटीए हे तशाच कामाचे दुसरे द्रव्य इथे चालत नाही. ते कॅल्शियम बांधून घेते आणि दोन-बी/तीन-ए ग्राहीची जोडी विस्कटू शकते. रक्ताचे काही मायक्रोलिटर पुरतात, ते पातळ करून प्रतिपिंडांसह न ढवळता अंधारात ठेवतात. पीएसी-१ मात्र नमुना पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करण्यापूर्वीच घालावे लागते.

एकट्या पी-सिलेक्टिनवर विसंबणे योग्य नाही. उद्दीपित बिंबाणू रक्तात फिरत राहतात, पण पृष्ठभागावरील पी-सिलेक्टिन लवकरच गमावतात. त्यामुळे एककेंद्रक पेशींना (मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना) बिलगलेले बिंबाणू मोजणे ही शरीरातील उद्दीपनाची अधिक संवेदनशील खूण मानली जाते. बिंबाणूंची संख्या घटलेल्या रुग्णांतही ही पद्धत उपयोगी पडते, कारण प्रत्येक बिंबाणू स्वतंत्रपणे तपासला जातो. ग्लान्झमान या आनुवंशिक रक्तस्राव-विकारात दोन-बी/तीन-ए ग्राही नसतो किंवा सदोष असतो. अशा नमुन्यात बिंबाणूंना उद्दीपित करण्यासाठी थ्रॉम्बिन-ग्राहीला चेतवणारे पेप्टाइड (प्रथिनाचा लहान तुकडा) घातल्यावर पी-सिलेक्टिन नेहमीसारखे वर येते, पण पीएसी-१ चिकटत नाही.