एल्गारच्या कॉन्चेर्टोतला हार्प: १९१६ची तबकडी आणि १९३२ची

"मूळ रचनेत हार्प होता, नंतरच्या लोकांनी काढून टाकला." इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची) जुनी तबकडी कुणी ऐकवली की हे वाक्य ठरलेलं. संचालन खुद्द एल्गारचं, म्हणजे जे ऐकू येतं ते अस्सल, असा हिशोब. पण छापील स्वरलिपीत हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं ते मोठं तंतुवाद्य, नाही. १९१० साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये फ्रिट्झ क्रायस्लरने ही रचना पहिल्यांदा वाजवली, तेव्हाही नव्हता.

घोळ होतो, कारण एल्गारच्या हातची ध्वनिमुद्रणं दोन आहेत: १९१६चं व्हायोलिनवादक मारी हॉलबरोबर, भोंग्यासमोर, आणि १९३२चं येहुदी मेन्युहिनबरोबर, मायक्रोफोनसमोर.

भोंगा आपल्याला नवा नाही. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहरजान त्याच्यातच गायल्या. आवाजाच्या जोरानेच पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. गळा दमदार असला की काम भागायचं. वाद्यवृंदाची मात्र पंचाईत. मोजके वादक दाटीवाटीने भोंग्यापुढे बसवायचे, आणि तरीही नाजूक ते सगळं वाटेतच विरायचं.

खरखर दोन्हीकडे आहे, ती सोडून द्या. लांबीचंही तसंच: एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावायची, तेव्हाही आणि नंतरही. १९१६मध्ये पाऊण तासाहून मोठी रचना चार बाजूंत बसवायची म्हणून तिची निर्दय कापाकापी झाली. त्यामुळे त्या तबकडीवरून 'एल्गारची लय' ठरवणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही.

खरी मेख तिसऱ्या भागातल्या कॅडेन्झात, म्हणजे एकल व्हायोलिनला मोकळं सोडलेल्या टप्प्यात आहे. शेवट जवळ आलेला असताना व्हायोलिन थबकतं आणि आधीच्या सुरावटी एकेक करून आठवत राहतं. मागच्या तंतुवाद्यांना एल्गारने इथे गज बाजूला ठेवायला लावलाय. बोटांच्या मऊ पेरांनी तारांवरून हलकेच फिरायचं, झंकार तुटू द्यायचा नाही. सभागृहात ते शेजारच्या खोलीत कुणी तानपुरा छेडत बसल्यासारखं लागतं. भोंग्याला हा आवाज पकडणं अशक्य होतं. म्हणून एल्गारने त्या ध्वनिमुद्रणापुरता हार्पचा भाग लिहून दिला. हार्पचे सूर सुटे, टोकदार. ते मेणावर उमटतात. तोड सुंदर आहे, मला आवडतेही. पण ती यंत्रासाठी काढलेली तोड आहे, आणि तिलाच मूळ रचना म्हणणं हा एल्गारवर अन्याय आहे.

१९३२च्या जुलैत, अ‍ॅबे रोडच्या स्टुडिओत, मेन्युहिन १६ वर्षांचा आणि एल्गार ७५ वर्षांचा. हा स्टुडिओ आदल्याच वर्षी एल्गारच्याच हस्ते सुरू झाला होता. ही जोडी जमवणारा फ्रेड गायस्बर्ग म्हणजे गौहरजानचं गाणं मेणावर उतरवणारा तोच गायस्बर्ग. या वेळी रचना अखंड आहे, आणि कॅडेन्झाखाली हार्प नाही, तारांचा झंकारच आहे.

ऐकायचं तर १९३२चं आधी ऐका, १९१६चं नंतर. आणि प्रत खरखर राखलेली घ्या. खरखर पुसण्याच्या हौसेत सगळ्यात आधी जातो तो हाच झंकार.