जर्नीमन पिचर

जर्नीमन पिचर म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधला (तिथली सगळ्यात वरची लीग) असा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ज्याचं अख्खं करिअर एका टीमशी बांधलेलं नसतं, कधी ट्रेड होऊन (म्हणजे टीमने दुसऱ्या टीमला देऊन), कधी रिलीज होऊन, कधी एकाच वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर तो या शहरातून त्या शहरात जात राहतो. किती टीम झाल्या म्हणजे जर्नीमन म्हणायचं असा काही नियम नाही, सहा-सात झाल्या की लोक म्हणायला लागतात. अशा खेळाडूंना बरेच जण कमी लेखतात आणि ते मला अजिबात पटत नाही. लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, २६ जणांचा, म्हणजे एका वेळी सगळ्या मिळून ७८० जागा, आणि त्यात दहा-पंधरा वर्षं टिकायचं तर दरवेळी कोणीतरी नव्याने तुम्हाला मागावं लागतं.

पिचरच एवढे का फिरतात? सीझनमध्ये १६२ मॅच असतात, त्यात खांदे जातात, कोपराचं लिगामेंट तुटतं आणि मग टॉमी जॉन सर्जरी करून माणूस वर्षभर किंवा जास्तच बाहेर, त्यामुळे पिचर कितीही असले तरी जुलै-ऑगस्टपर्यंत टीमला कमीच पडतात. ज्याचा हात शाबूत आहे आणि ज्याचा फास्टबॉल अजून ताशी ९५ मैलांच्या आसपास जातो त्याला फोन येतोच, मागच्या टीमकडे त्याचे आकडे खराब का असेनात. नव्या टीमच्या पिचिंग कोचला नेहमी वाटतं की याच्यातलं काय बिघडलंय ते मला कळलंय, मी नीट करतो. कधीकधी ते खरंही ठरतं.

बाकीचं काम नियम करतात. मेजर लीगमधली पहिली सहा वर्षं सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत खेळाडू टीमच्या ताब्यात असतो, त्यानंतर फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या टीमकडे जायला मोकळा. तीन सीझनपर्यंत त्याला खालच्या मायनर लीगला वर-खाली करता येतं, त्याला ऑप्शन म्हणतात, आणि ते संपले की खाली पाठवण्याआधी टीमला त्याला वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या टीम त्याला उचलू शकतात. जागा करायची असेल तर 'डिझिग्नेटेड फॉर असाइनमेंट', थोडक्यात डीएफए, म्हणजे रोस्टरमधून नाव काढायचं, मग काही दिवसांत ट्रेड, रिलीज नाहीतर मायनर लीग. आणि ट्रेडला खेळाडूची परवानगी लागत नाही, आयपीएलमध्ये लागते तशी. नकार द्यायचा हक्क मिळतो तो दहा वर्षं सर्व्हिस आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच टीमकडे असतील तेव्हा (काही जण कॉन्ट्रॅक्टमध्येच तशी अट घालून घेतात ते वेगळं), आता जर्नीमनची एका टीमकडे पाच वर्षं होणार कधी!

या सगळ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण एडविन जॅक्सन. वडील अमेरिकन आर्मीत, म्हणून जन्म पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा, १९८३ चा, शाळा जॉर्जिया राज्यात कोलंबसला. २००१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) लॉस एंजेलिस डॉजर्सने सहाव्या राउंडला घेतला आणि ९ सप्टेंबर २००३ ला, बरोबर विसाव्या वाढदिवशी, पहिली मॅच, समोर अ‍ॅरिझोनाचा स्टार पिचर रँडी जॉन्सन, आणि पोरगा जिंकला. असं पदार्पण बघून कोणालाही वाटलं असतं की हा पुढची दहा वर्षं डॉजर्सकडेच. पण २००६ सुरू होताच त्याला टँपा बेला पाठवलं. तिथे २००८ ला टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेली आणि त्याच डिसेंबरात ट्रेड, डेट्रॉइट. २००९ ला डेट्रॉइटकडून ऑल-स्टार झाला (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड), त्याच डिसेंबरात पुन्हा ट्रेड, अ‍ॅरिझोना. म्हणजे खराब खेळला म्हणून घालवला असंही नाही, चांगला खेळला की भाव चढतो आणि मग विकणं परवडतं.

२५ जून २०१० ची मॅच तर बेसबॉलवाले कधी विसरणार नाहीत. आधीची टीम टँपा बे, मैदान त्यांचंच, आणि जॅक्सनने नो-हिटर टाकला, म्हणजे नऊ इनिंगमध्ये समोरच्यांना एकही हिट (बॅटने मारून बेस गाठणं) नाही. पण कसा, तर आठ वॉक (चार बॉल बाहेर पडले की बॅटरला फुकट बेस मिळतो तो), त्यातले सात पहिल्या तीन इनिंगमध्येच, आणि एकूण १४९ पिच, म्हणजे टाकलेले बॉल, जेव्हा शंभरच्या पुढे गेलं की मॅनेजर अस्वस्थ व्हायला लागतात. अ‍ॅरिझोना १-० ने जिंकली, ती एकुलती एक रन अ‍ॅडम लारोशच्या होम रनची. आणि ३० जुलैला, सव्वा महिनाही नीट झाला नव्हता, त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी २७ जुलैला व्हाइट सॉक्सने त्याला टोरोंटो ब्लू जेजला दिलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुईस कार्डिनल्सला. टोरोंटोसाठी त्याने एक बॉलसुद्धा टाकला नाही म्हणून ती टीम त्याच्या यादीत धरली गेली नाही. त्याच ट्रेडमध्ये टोरोंटोहून सेंट लुईसला गेलेला दुसरा पिचर होता ऑक्टाव्हियो डोटेल, जो २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून उतरला आणि सगळ्यात जास्त, १३ टीमकडून खेळल्याचा रेकॉर्ड त्याच्या नावावर लागला. २०११ च्या ऑक्टोबरात जॅक्सन वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच टेक्सासविरुद्ध हरला, पण सात मॅचनंतर कार्डिनल्स जिंकले आणि दोघांनाही चॅम्पियनशिपची रिंग मिळाली.

एक वर्ष वॉशिंग्टनला काढल्यावर मोठं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, शिकागो कब्सकडून ४ वर्षांचे ५.२ कोटी डॉलर. तिथे मात्र वाईट गेलं (बेसबॉलमध्ये मॅचचा विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतो), २०१३ ला ८ विजय १८ पराभव, २०१४ ला ६ आणि १५, आणि २०१५ च्या मध्यात कब्सने रिलीज केलं. इथे पैशांची गंमत बघा, मेजर लीगचं कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड असतं, रिलीज केलं तरी उरलेले पैसे जुनी टीमच देते आणि नव्या टीमला फक्त किमान पगार भरावा लागतो, त्यामुळे असा अनुभवी पिचर त्यांना जवळपास फुकटात पडतो. मग अटलांटा, मायामी, सॅन डिएगो, बाल्टिमोर, परत वॉशिंग्टन. २०१८ ला ओकलंडकडून १७ मॅचमध्ये सुरुवातीचा पिचर होता, ६-३, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रन) ३.३३, टीम प्लेऑफला गेली आणि डोटेलच्या रेकॉर्डची बरोबरी झाली. १५ मे २०१९ ला सॅन फ्रान्सिस्कोत चौदाव्या टीमचा शर्ट घातला, आणि ती टीम कोणती, तर टोरोंटो!

करिअरचे आकडे १०७-१३३, ईआरए ४.७८. नुसते हे बघितले तर साधारण पिचर वाटतो, आणि इथेच लोक चुकतात, कारण एवढे पराभव नावावर लागायला कोणीतरी चारशेच्या वर मॅचमध्ये तुमच्या हातात बॉल द्यावा लागतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या टीममध्ये होता, फायनल जपानने २-० ने जिंकली, त्याला सिल्व्हर मिळालं. २०२२ ला रिटायर झाला.

हा रेकॉर्ड आता त्याच्या एकट्याचा नाही. डावखुरा पिचर रिच हिलने २२ जुलै २०२५ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, कॅन्सस सिटी रॉयल्सकडून चौदावी टीम पूर्ण केली, तीही रिग्ली फील्डवर त्याच कब्सविरुद्ध ज्यांच्याकडून २००५ ला त्याने सुरुवात केली होती. हिलचा रस्ता जास्त खडतर, २०१५ ला मेजर लीगशी संबंध नसलेल्या इंडिपेंडंट लीगमध्ये लाँग आयलंड डक्सकडे खेळायची वेळ आली होती, तिथून बोस्टनने उचललं आणि पुढच्याच वर्षाअखेरीस डॉजर्सने ३ वर्षांचे ४.८ कोटी डॉलर दिले. बाकी बहुतेक जर्नीमनचं नाव कोणाला माहीतही नसतं, ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) आणि मेजर लीग यांच्यात सीझनभर त्यांची बॅग उघडी-बंद चालू असते, आणि २०२२ पासून एका सीझनमध्ये पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवायचं तर वेव्हर्समधून जावं लागतं, ही त्यांच्यासाठी खरंच मोठी सोय झाली.