मुस्लिम स्त्रियांचे सक्षमीकरण : मापन

विकसनशील देशांतील मुस्लिम स्त्रियांच्या हाती स्वतःच्या आयुष्याविषयीचे निर्णय कितपत आले, हे ठरविण्याच्या सांख्यिकीय पद्धती. लोकसंख्याशास्त्रात १९८० च्या दशकात ‘स्वायत्तता’ ही संज्ञा प्रचलित होती. ‘सक्षमीकरण’ तिच्या नंतर, साधारणतः १९९० च्या दशकात मापनाचा विषय झाले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९५ मध्ये मांडलेला व २०१० पर्यंत वापरात असलेला निर्देशांक संसदेतील जागा, वरिष्ठ पदे व उत्पन्नातील वाटा मोजत असे. तो देशपातळीचा असल्याने एखाद्या देशातील मुस्लिम स्त्रियांविषयी त्यातून काहीच कळत नसे.

घरपातळीवरील मापनाची पायाभरणी मुख्यतः बांगलादेशात झाली. ग्रामीण बँक व ब्रॅक या गरिबांना लहान कर्जे देणाऱ्या संस्थांच्या कर्जदार स्त्रियांवरील हाशेमी, शूलर व रायली यांच्या अभ्यासात (१९९६) आठ निर्देशक होते. त्यांतील ‘संचार’ (घराबाहेर जाणे-येणे) या निर्देशकासाठी बाजार, दवाखाना, चित्रपटगृह व गावाबाहेरचे ठिकाण यांपैकी जिथे स्त्री गेली असेल त्याचा एक गुण आणि एकटीने गेली असल्यास आणखी एक. त्यांना कर्जाचा परिणाम अनुकूल दिसला. त्याच वर्षी गोट्झ व सेनगुप्ता यांनी मात्र कर्ज स्त्रीच्या नावावर आणि विनियोग पुरुषाच्या हाती, असे चित्र मांडले. हा विरोध बराचसा मोजण्याच्या रीतीतून आलेला दिसतो.

संचाराचा निर्देशक सर्वाधिक वादग्रस्त आहे. पडदा पाळणाऱ्या समाजात घराबाहेर न पडणे हे सुस्थितीचे लक्षण मानले जाते. गरीब स्त्री मजुरीसाठी बाहेर पडते, तिला मात्र जास्त गुण मिळतात. नायला कबीर यांनी १९९९ मध्ये संसाधने, कर्तृत्व (स्वतः निर्णय घेऊन तो अमलात आणण्याची क्षमता) व फलनिष्पत्ती अशी त्रिसूत्री मांडली. यांपैकी एकच मोजून निष्कर्ष काढू नये, हा तिचा रोख असून आज तीच अधिक ग्राह्य वाटते. सबा महमूद यांनी कैरोतील मशिदींमधील स्त्रियांच्या चळवळीवरून (२००५) याहून मूलगामी आक्षेप घेतला : कर्तृत्व केवळ प्रतिकारातच का शोधायचे? प्रश्नावलीत मात्र हा आक्षेप उतरविणे कठीण आहे.

धर्म हा स्वतंत्र घटक मानावा काय, याबद्दल मतभेद आहेत. जीजीभॉय व साठर यांनी (२००१) पाकिस्तानी पंजाब, उत्तर प्रदेश व तमिळनाडू यांची तुलना केली. त्यांच्या मते स्वायत्ततेतील फरक धर्मापेक्षा प्रदेशाने अधिक उलगडतो. भारत, मलेशिया, फिलिपीन्स व थायलंड येथील मुस्लिम व मुस्लिमेतर स्त्रियांच्या अभ्यासात (२००२) जननप्रमाणातील फरकाचे कारण स्वायत्ततेत सापडले नाही. अरब देशांतील स्त्रियांच्या अल्प रोजगाराचे खापर मायकेल रॉस (२००८) इस्लामऐवजी खनिज तेलावर फोडतात. हे मत सर्वमान्य नाही.

आफ्रिकेसाठी २०१७ मध्ये ३४ देशांच्या आरोग्य सर्वेक्षणांवरून स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा निर्देशांक तयार झाला. तो धर्मनिहाय नाही.

महर (विवाहात पतीने पत्नीला द्यावयाची रक्कम वा मालमत्ता) व वारसाहक्क यांबाबत कागदावरील हक्क व प्रत्यक्ष ताबा वेगळे मोजावे लागतात. बांगलादेशात अनेक बहिणी माहेर तुटू नये म्हणून वडिलार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावांना सोडतात. संसाधनांच्या रकान्यात ही हानी ठरते, निर्णयाच्या रकान्यात कदाचित तिचीच निवड.